मागचा वायपर बंद पडला? नवी मोटर घेण्याआधी हे उघडून बघा

जूनचा पहिला दणदणीत पाऊस झाला की गॅरेजांत एक तक्रार हमखास येते: मागचा वायपर चालत नाही, गेल्या पावसाळ्यात तर चालत होता. मधल्या आठ महिन्यांतच सगळं घडलेलं असतं. पुढचा वायपर काचेवरची धूळ काढायला का होईना, अधूनमधून फिरतो. मागच्याकडे ढुंकून कोणी बघत नाही. पात्याला फिरवणाऱ्या दांड्याभोवती, म्हणजे शाफ्टभोवती मुरलेलं पाणी तिथेच सुकतं, ॲल्युमिनियमच्या बॉडीत पांढरी भुकटी धरते, आतलं ग्रीस मेणासारखं होतं. मग जूनमध्ये बटण दाबलं की मोटर नुसती कण्हते आणि पातं जागचं हलत नाही.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "मोटर गेली, बदलावी लागेल." दहा-पंधरा वर्षं झालेल्या गाडीत हे निदान बऱ्याचदा घाईचं असतं. मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, शाबूत असतं. दोष असतो तो जाम झालेल्या शाफ्टमध्ये किंवा डिकीच्या बिजागरीपाशी तुटलेल्या वायरीत. वायर तुटलेली असताना नवी मोटर बसवली तर पैसे जातात आणि वायपर बंदचा बंदच राहतो.

इथली पद्धत डिकीच्या दरवाजात मोटर आणि काचेतून किंवा पत्र्यातून बाहेर आलेला शाफ्ट, अशा रचनेच्या गाड्यांसाठी आहे: २००५ ची पहिली स्विफ्ट, २००७ ची आय-टेन, जुनी इनोव्हा आणि त्या काळातल्या बहुतेक हॅचबॅक. नटांचे नंबर आणि स्क्रूंच्या जागा गाडीगणिक बदलतात, कामाचा क्रम बदलत नाही.

आत काय असतं

मोटर उघडण्याआधी ती चालते कशी हे दोन मिनिटं समजून घ्या, निदान निम्मं तिथेच होतं. आतली मोटर एकाच दिशेने गोल फिरते. तिच्या टोकाला स्क्रूसारख्या आट्यांचा वर्म गियर असतो, तो एका प्लास्टिकच्या मोठ्या गियरला फिरवतो. त्या गियरवर मध्यापासून थोडी बाजूला एक पिन असते. पिनेला जोडलेली पट्टी पंख्याच्या आकाराच्या दातेरी तुकड्याला मागे-पुढे ढकलते आणि तो तुकडा बाहेर आलेल्या शाफ्टला इकडून तिकडे वळवतो. गोल फिरण्याचं डोलणं होतं ते इथे.

प्लास्टिकच्या गियरवरच तांब्याची एक चकती असते आणि तिला एका जागी खाच असते. चकतीवर दोन-तीन पितळी पत्त्या घासत राहतात. हा पार्किंग स्विच. आपण बटण बंद केलं तरी या वाटेने मोटरला वीज मिळत राहते आणि खाच आली की तुटते, म्हणून पातं काचेच्या मध्येच न थांबता आपल्या जागेवर जाऊन बसतं. त्यासाठी मोटरला बटणाच्या वायरीशिवाय आणखी एक पुरवठा लागतो. साध्या मोटरला म्हणूनच किमान तीन वायरी असतात: अर्थिंग, बटणाकडून येणारी आणि पार्किंगची.

कान लावा, मग पाना घ्या

काच ओली करा, इग्निशन चालू करा, मागच्या वायपरचं बटण दाबा आणि डिकीपाशी कान न्या. कोणाला तरी बटणावर बसवलंत तर बरं.

मोटरची घरघर ऐकू येते पण आर्म (पातं धरणारा दांडा) हलत नाही, असं असेल तर आर्मच्या बुडाशी असलेलं झाकण उचलून आत नटाकडे बघा. नट फिरतोय आणि आर्म स्थिर आहे, म्हणजे आर्मचे आतले दाते झिजलेत. आर्म ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताच्या मिश्रधातूचा, शाफ्ट पोलादी. हार आर्मचीच होते. नट घट्ट करून आठवडाभर चालेल, शेवटी आर्म बदलावा लागेल. घरघर आहे आणि नटही हलत नाही, तर आतला प्लास्टिकचा गियर दाते सोडून बसलाय.

"हुं" असा दबका आवाज येऊन मोटर अडते, किंवा पातं इंचभर सरकून थांबतं, तर शाफ्ट जाम आहे. लगेच बटण बंद करा. अडलेल्या मोटरला मोकळ्या मोटरच्या कितीतरी पट करंट लागतो. मोकळी फिरताना साधारण १ ते ३ अँपिअर घेणारी मोटर अडली की दहाच्या वर जाते आणि मिनिटाभरात ब्रश (आतल्या फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे) तापवते. गेलेली मोटर म्हणून जी बदलली जाते, ती बऱ्याचदा आधी अशी जाम झालेली आणि मग बटण दाबत राहून जाळलेली असते.

काहीच आवाज नाही, तर दोष विजेचा.

पातं चालतं पण बटण बंद करताच आहे तिथेच थांबतं, तर पार्किंगची वायर किंवा आतल्या पितळी पत्त्या बघायच्या. बंद केल्यावरही थांबतच नाही, तर पत्ती वाकून चकतीच्या खाचेवरूनही संपर्क धरतेय. दोन्हींत मोटर उघडावी लागेल, पण मोटर बदलण्याची गरज नसते.

वीज कुठे अडते

सुरुवात फ्यूजपासून. बॉक्सच्या झाकणावरच्या नकाशात मागच्या वायपरचा फ्यूज शोधा. बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो आणि बऱ्याच गाड्यांत तो आणखी कशाशी तरी, जसं की पाण्याच्या पंपाशी, सामाईक असतो. फ्यूज काढून नुसता डोळ्यांनी बघू नका; मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा किंवा शेजारचा तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालून बघा. जळलेला असेल तर नवा तितक्याच अँपिअरचा घाला. तोही गेला तर तिथेच थांबा. पंधराच्या जागी तीसचा घालण्याची युक्ती कोणी सुचवली तर हात जोडा. मग फ्यूजऐवजी वायर वितळते, आणि ती वायर तुमच्या डोक्यावरच्या छताच्या कापडामागून गेलेली असते.

फ्यूज ठीक असेल तर डिकीच्या दरवाजाचं आतलं कव्हर काढा. जुन्या गाडीचे गॅस शॉकअप मरगळलेले असतात, त्यामुळे काम सुरू करण्याआधी दरवाजाला एक भक्कम काठी टेका. दरवाजा डोक्यात बसला की सगळं शिकणं बाजूला राहतं. कव्हर दोन-चार स्क्रू आणि दहाएक प्लास्टिकच्या क्लिपांवर असतं. स्क्रू बहुतेक वेळा दरवाजा ओढायच्या खाचेत, छोट्या टोपीखाली दडलेले असतात. क्लिप जिथे आहे तिथेच, तिच्या अगदी लगत प्लास्टिकची पट्टी घालून उचला. लांबून ओढलं तर क्लिप राहते आणि कव्हर फाटतं. थंडीत गारठलेलं जुनं प्लास्टिक पटकन तडकतं. चार-सहा क्लिपा तुटणारच, आधीच आणून ठेवा.

मोटरचा कनेक्टर काढा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी टोचणी दरवाजाच्या रंग नसलेल्या बोल्टवर आणि लाल कनेक्टरच्या एकेका पिनेवर. इग्निशन आणि वायपर चालू असताना बटणाच्या पिनेवर बॅटरीइतके, म्हणजे इंजिन बंद असेल तर सुमारे १२.५ व्होल्ट हवेत. मागचा वायपर थांबून थांबून चालणारा असेल तर वीजही थांबून थांबून येते, काही सेकंद टोचणी धरून ठेवा. वायरीच्या रंगावर विसंबू नका. दहा वर्षांच्या गाडीत म्युझिक सिस्टीमवाल्यापासून रिव्हर्स कॅमेरावाल्यापर्यंत कोणाकोणाचे हात लागलेले असतात.

व्होल्टेज दिसलं म्हणजे वायर ठीक, असं मात्र नाही. दहा धाग्यांपैकी एक शिल्लक असलेली वायरही मल्टिमीटरला १२ व्होल्ट दाखवते, कारण मल्टिमीटर करंट जवळपास घेतच नाही. म्हणून २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन तारा जोडून हाताशी ठेवा. त्या पिनेवर आणि अर्थिंगच्या पिनेवर तो झगझगीत पेटला तर मोटरपर्यंतची वाट चांगली. मिणमिणला तर कुठेतरी वायर कुजली आहे.

अर्थिंगसाठी वेगळी तपासणी: कनेक्टर जोडा, वायपर चालू करा, एक टोचणी मोटरच्या अर्थिंगच्या पिनेवर मागून आणि दुसरी लांब वायरीने बॅटरीच्या निगेटिव्हवर. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दरवाजातला अर्थिंगचा बोल्ट उघडा, त्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, घट्ट करा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा.

कनेक्टरवर वीज बरोबर येतेय आणि मोटर गप्प असेल, तर मोटरला बॅटरीकडून थेट वीज देऊन बघा; मध्ये १० अँपिअरचा फ्यूज असलेली वायरच वापरा. ही चाचणी आर्म काढून करा, म्हणजे कोरड्या काचेवर पातं फरफटणार नाही.

रबरी नळीतली वायर

कनेक्टरवर वीजच येत नसेल, फ्यूज मात्र शाबूत असेल, तर दहापैकी बऱ्याच वेळा गुन्हेगार एकच: गाडीच्या छतातून डिकीच्या दरवाजात जाणारी वळ्यावळ्यांची रबरी नळी. दरवाजा दर वेळी उघडताना-मिटताना आतल्या वायरी त्याच जागी वाकतात. वर्षानुवर्षं वाकून आतलं तांबं तुटतं, वरचं प्लास्टिक मात्र अखंड दिसतं. म्हणून डोळ्यांना सापडत नाही.

याची चाहूल आधीच लागलेली असते. नंबर प्लेटचा दिवा मधूनच जातो, मागच्या काचेचा डिफॉगर (काच तापवून धुकं घालवणाऱ्या रेघा) चालत नाही, सेंट्रल लॉकला डिकी दाद देत नाही, दरवाजा अर्धवट उघडला की वायपर आपोआप हलतो. यांतली दोन लक्षणं एकत्र दिसली की मोटरकडे बघूच नका, नळी सोडवा.

नळीची दोन्ही टोकं पत्र्यातल्या भोकात बसवलेली असतात. बोथट प्लास्टिकच्या पट्टीने एक टोक सोडवा आणि नळी मागे सरकवा. प्रत्येक वायर दोन बोटांत धरून हलकेच ताणा. आत तांबं तुटलेली वायर रबरबँडसारखी लांबते, चांगली ताठ राहते. मोजमापापेक्षा ही बोटांची परीक्षा जास्त खरी. ताणलेल्या जागी प्लास्टिक सोललं तर तांब्याचे हिरवट-काळे तुकडे हातात येतात. एक तुटलेली सापडली म्हणून थांबू नका, शेजारची उद्या तुटणार आहे.

दुरुस्तीत सर्रास होणारी चूक म्हणजे तुटलेली टोकं तिथल्या तिथे पिळून वर टेप गुंडाळणं. ती जागा रोज वाकते. डाग दिलेली वायर कडक होते आणि डागाच्या कडेला परत तुटते. बरोबर पद्धत अशी: वाकणारा सगळा भाग कापून टाका आणि त्या जागी सिलिकॉनच्या आवरणाची, बारीक धाग्यांची नवी वायर घाला. वायपरसाठी १ ते १.५ चौरस मिलिमीटर पुरते, डिफॉगरची वायर मात्र २.५ च्या खाली नको. नवा तुकडा नळीपेक्षा प्रत्येक बाजूला १० ते १५ सेंटिमीटर जास्त ठेवा, म्हणजे एक जोड छताच्या आत आणि दुसरा दरवाजाच्या आत, न हलणाऱ्या जागी येईल. सगळे जोड एका रेषेत आणू नका, मागेपुढे ठेवा, नाहीतर गाठोडं होऊन भोकातून जाणार नाही. एका वेळी एकच वायर कापा आणि जोडा. सहा वायरी एकदम कापल्या की रंग जुळवत बसावं लागतं आणि दोन वायरींचा रंग सारखाच निघतो. जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (तापवली की आवळणारी) चढवा, साधी पाणी अडवत नाही.

रबर परत भोकात बसवताना त्याची कड पूर्ण बसली ना, ते बोट फिरवून बघा. तिथून पाणी शिरलं की ते वायरींवरून ओघळत थेट मोटरच्या कनेक्टरवर येतं.

आर्म काढणं: काच इथेच फुटते

मागची काच टफन्ड असते. पुढच्या काचेसारखी तिला तडा जाऊन ती जागेवर राहत नाही, एका ठोक्यात तिचे हजार दाणे होतात. शाफ्ट काचेतून आलेला असेल तर हातोडी आणि मोठा पेचकस या कामातून बाहेर ठेवा.

वायपर एकदा पूर्ण फिरवून पार्किंगला आणा (फिरत असेल तर) आणि पात्याच्या शेजारी काचेवर मास्किंग टेपची पट्टी लावा. परत बसवताना हीच खूण लागते. आर्मच्या बुडावरचं झाकण उचला. आतला नट बहुधा १०, १२ किंवा १३ नंबरचा असतो, गोटी पाना लावून सोडवा. आर्म दुसऱ्या हाताने धरा, म्हणजे जोर आतल्या गियरवर जाणार नाही.

नट निघाला तरी आर्म निघत नाही. शाफ्टचं टोक निमुळतं आणि दातेरी असतं, त्यावर आर्म वर्षानुवर्षं रुतलेला असतो. पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात शिरणारं पातळ तेल) दोन-तीन थेंब टाका आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग आर्म काचेपासून उभा करा, बुडाशी धरून डावी-उजवीकडे डोलवत वर ओढा. नाही निघाला तर छोटा दोन पायांचा पुलर (रुतलेला भाग ओढून काढायचं हत्यार) लावा. बॅटरीच्या टर्मिनलचा पुलर या मापाला छान बसतो. नट काढून न टाकता आट्यांवर दोन फेरे लावून ठेवा आणि पुलरचा स्क्रू त्याच्यावर टेकवा, म्हणजे आटे चेपत नाहीत आणि आर्म अचानक उडत नाही. आर्मखाली पेचकस घालून काचेवर टेकू घेतलात, तर पुढचा खर्च काचेचा.

आर्म निघाला की शाफ्टवर बाहेरून एक मोठा नट, वायसर आणि रबर असतं. सगळं कोणत्या क्रमाने आहे त्याचा फोटो काढा. (गॅरेजात चकतीला वायसर म्हणतात, पाण्याच्या फवाऱ्यालाही वॉशर म्हणतात आणि पात्याला वायपर, फोनवर सुटा भाग मागवताना नीट सांगा.) मग आतून मोटरच्या ब्रॅकेटचे बहुधा तीन, १० नंबरचे बोल्ट काढा आणि मोटर आत ओढून घ्या.

एक गोष्ट आत्ताच सांगायला हवी: कव्हर उघडं असताना डिकीच्या लॉकचा कनेक्टर काढलेला असेल तर दरवाजा चुकूनही लावू नका. बटणाने उघडणाऱ्या डिकीचं लॉक मग आतून, मागच्या सीटवरून सरपटत जाऊन उघडावं लागतं.

जाम शाफ्ट सोडवणं

या सगळ्या कामाचा जीव इथे आहे. घाई केलीत तर खरंच नवी मोटर लागेल.

मोटर टेबलावर घ्या. शाफ्ट बोटांनी वळवून तो अजिबात हलणार नाही, कारण तो आतल्या गियरला जोडलेला आहे. त्यामुळे आधी गियरचं झाकण उघडा. स्क्रू असतील तर सोपं. रिव्हेट असतील तर त्यांची डोकी ड्रिलने उडवा आणि बसवताना तितकेच जाड छोटे स्क्रू वापरा. काही मोटरींत विजेच्या पत्त्या झाकणालाच जोडलेल्या असतात, म्हणून झाकण सरळ वर उचला, झटका देऊ नका. उचलण्याआधी झाकणावर आणि बॉडीवर मिळून एक रेघ मारा. आतली जुळणी, गियर, पट्टी, दातेरी तुकडा, यांचा फोटो काढा. पट्टी काढून ठेवा. आता मोटर आणि शाफ्ट वेगळे झाले.

शाफ्टच्या बाहेरच्या बाजूला रबराखाली एक सर्कलिप (खाचेत बसणारी, एका जागी फट असलेली स्प्रिंगची कडी) आणि चकती असते. सर्कलिप टोकदार पकडीने काढा, त्यावर फडका धरा, नाहीतर ती उडून कुठे गेली ते पुढच्या दिवाळीत कळतं. इथेच ती पांढरी भुकटी दिसेल, दमट मिठासारखी, शाफ्टभोवती ठासून बसलेली. ॲल्युमिनियमचा हा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून शाफ्ट चिमट्यात पकडल्यासारखा होतो. कोकणात, गोव्यात, समुद्राकाठी गाडी उभी राहत असेल तर खाऱ्या हवेने हे आणखी लवकर होतं.

शाफ्ट उभा धरून भुकटीच्या जागी पेनिट्रेटिंग ऑइल टाका आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी परत टाका. मग बॉडीचा तेवढाच भाग हीट गनने तापवा, हाताला चटका बसेल इतका, साधारण ८० ते १०० अंश. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक मोठं होतं आणि पकड ढिली पडते. गॅसची ज्योत नको. आत प्लास्टिकचा गियर आणि वायरी आहेत, शक्य तर गियर आधीच काढून ठेवा.

आता शाफ्टच्या आट्यांवर नट टोकाशी समपातळीत लावा, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि हलक्या हातोडीने टकटक करा. एक मोठा ठोका नको, पन्नास छोटे चालतील. मधूनमधून आतल्या दातेरी बाजूने शाफ्ट थोडा इकडे-तिकडे वळवा. सुरुवातीला केसभर हलेल. तेल टाका, परत वळवा. एकदा पाव फेरा हलला की निघालाच समजा. दातेरी टोकावर पकड लावून पिळू नका. दाते चेपले की आर्म पुढे कधीच नीट बसत नाही.

शाफ्ट निघाल्यावर त्याला आधी ६०० आणि मग १००० नंबरचा पॉलिश पेपर रॉकेल लावून मारा. बॉडीतलं भोक साफ करायला पेन्सिलीवर ४०० नंबरचा कागद गुंडाळा आणि फक्त भुकटी निघेपर्यंत फिरवा. चकाकी आणायचा मोह आवरा. भोक वाढलं तर शाफ्ट डुगडुगतो आणि पाणी त्याच वाटेने परत येतं. कोरडा शाफ्ट भोकात घालून हलवून बघा. टोकाशी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त खेळ जाणवला तर बॉडी कामातून गेली, वापरलेली मोटर शोधा. मुंबईत कुर्ला, पुण्यात नाना पेठ अशा बाजारांत जुन्या मॉडेलचे भाग मिळतात. घेताना तिथेच बॅटरीवर फिरवून आणि शाफ्ट डुगडुगवून बघा.

भोकात बसवलेला बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) जर पितळी, छिद्राळ धातूचा असेल तर त्याला गरम इंजिन ऑइलमध्ये तासभर बुडवून ठेवा, तो तेल पितो आणि नंतर सोडत राहतो.

पाणी आत येण्याचं मूळ कारण असतं शाफ्टवरची कडक झालेली ओ-रिंग. ती दहा-वीस रुपयांची वस्तू, पण हिच्यापायी मोटर जाते. शाफ्टच घेऊन हायड्रॉलिक सीलच्या दुकानात जा आणि खाचेत बसवून बघा. खाचेतून किंचित वर यायला हवी आणि शाफ्ट ढकलताना थोडा अडसर जाणवायला हवा. तिला सिलिकॉन ग्रीस लावा.

शाफ्टला आणि गियरांना लिथियम ग्रीस. आधी जुनं मेणचट ग्रीस चमच्याने खरवडून, रॉकेलने पुसून काढा, प्लास्टिकला थिनर लावू नका. नवीन ग्रीस दातांत आणि पिनेभोवती भरा, पण तांब्याच्या चकतीवर त्याचा थर नको. चकती आणि पत्त्या आधी खोडरबराने घासून स्वच्छ करा. काळे डाग गेले पाहिजेत. एखादी पत्ती बसकी वाटली तर टोकदार पकडीने अर्धा मिलिमीटर वर उचला. पातं भलत्या जागी थांबण्याचा रोग बहुतेक वेळा एवढ्यानेच जातो.

मोटरच्या डब्याकडे वळायचं ते ती मोकळी असूनही हळू फिरत असेल तरच. डबा ओढताना लोहचुंबक आर्मेचरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, धरून ठेवतो आणि ब्रश उडून बाहेर येतात, तयारी ठेवा. कॉम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) काळा असेल तर १००० नंबरच्या कागदाने फिरवत घासा, पट्ट्यांमधली काजळी सुईने काढा. ब्रश ४ मिलिमीटरच्या खाली उतरले असतील तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून त्याच मापाचे बसवून घ्या.

परत बसवताना

झाकण रेघेवर रेघ जुळवून बसवा, कडेला सिलिकॉन सीलंटची बारीक धार द्या. मोटर दरवाजात लावण्याआधी कनेक्टर जोडून हातात धरूनच चालवा. बोटं शाफ्टपासून लांब, आणि मोटरची बॉडी एका वायरीने दरवाजाच्या बोल्टला टेकवा, काही मोटरींचं अर्थिंग बॉडीतूनच असतं. दोन-तीन वेळा चालू-बंद करून शाफ्ट दर वेळी एकाच जागी थांबतो ना ते बघा.

मग मोटर आतून बसवा. काचेतल्या भोकाचं रबर कडक झालं असेल तर बदलाच. बाहेरचा मोठा नट हाताने टेकवा आणि पान्याने फक्त पाव फेरा द्या. "आणखी थोडा घट्ट" म्हणून काच फोडलेली माणसं कमी नाहीत. ब्रॅकेटचे तीन बोल्ट त्यानंतर घट्ट करा, आधी नाही. उलट क्रमाने केलं तर शाफ्ट भोकात तिरका बसतो आणि रबर एका बाजूने उघडं राहतं.

आर्म लावण्याआधी वायपर एकदा चालवून बटणानेच बंद करा. शाफ्ट पार्किंगला आला की शाफ्टच्या दात्यांना आणि आर्मच्या भोकाला तांब्याच्या ग्रीसचा पुसट हात द्या, पुढच्या वेळी आर्म मुकाट्याने निघेल. टेपच्या खुणेवर पातं ठेवून नट घट्ट करा. काच ओली करून चालवा. पातं वर स्पॉयलरला किंवा खाली काचेच्या कडेला टेकत असेल तर आर्म एक दाता पुढेमागे करा. आर्मच्या बिजागरीच्या पिनेवर दोन थेंब तेल टाका. ती गंजली की स्प्रिंग असूनही पातं काचेवर दाबत नाही आणि मधला पट्टा ओलाच राहतो.

कव्हर लगेच लावू नका. शाफ्टच्या आतल्या बाजूला टिश्यू पेपर गुंडाळा, बाहेरून पाइपाने दोन-तीन मिनिटं पाणी मारा, कागद कोरडा राहिला तरच क्लिपा दाबा.

फवारा

कव्हर उघडलंच आहे तर पाण्याची नळीही बघून घ्या. ती बहुधा वायरींच्याच रबरी नळीतून येते आणि तिथेच सुटते. मग पाणी काचेवर न येता कव्हरच्या आत ओघळतं. काही गाड्यांत फवारा वायपरच्या पोकळ शाफ्टमधून येतो. तिथली नळी निसटली तर पाणी थेट मोटरवर पडतं, म्हणून अशा गाडीत नळीचं टोक बदलून बारीक क्लिप लावा.

पुढे पाणी येतं आणि मागे नाही, म्हणजे पंप चांगलाच आहे असं धरू नका. बऱ्याच गाड्यांत एकच पंप दोन्हीकडे पाणी देतो. सुलटा फिरला की पुढे, उलटा फिरला की मागे. एका दिशेची वीज तुटली तर एकच बाजू बंद पडते. पाणी येतं पण चार-पाच सेकंद उशिरा येतं, तर नळीतला एकदिशा व्हॉल्व्ह गळतोय. नोजल बोअरच्या पाण्याच्या क्षाराने बुजलं असेल तर शिवणाची सुई फिरवा, आणि टाकीत पुढे आरओचं पाणी घाला.

पात्याचं रबर बदलताना लांबी मोजून घ्या, मागची पाती सहसा १० ते १४ इंचांची असतात आणि त्यांची खुंटी आर्मगणिक वेगळी असते. जुनं पातं दुकानात घेऊन जाणं सगळ्यात सोपं. डिफॉगरच्या रेघा काचेच्या आतल्या बाजूला असतात, त्यामुळे काच आतून कधी ब्लेडने खरवडू नका, बाहेरचा चीक हवा तर खरवडा.

उन्हाळ्यात दर आठवड्याला काच ओली करून आठ-दहा फेऱ्या मारा, म्हणजे ग्रीस हलतं राहतं. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खळग्यात हात घाला. तिथे ओल लागली तर ते पाणी शाफ्टच्या रबरातून किंवा वायरींच्या नळीच्या कडेतून आलेलं असू शकतं. पुन्हा टिश्यू पेपर गुंडाळून पाइप हातात घ्या.